सहा मेंढ्यांत घोंगडी किती होतात?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही नवरा-बायको पुरंदरला सासऱ्यांच्या अडीच एकरावर राहायला आलात. विहीर फेब्रुवारीपर्यंत पुरते. दावणीला एक गाय आहे, दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. माळ्यावर आजेसासूबाईंचा चरखा सापडला आणि मनात आलं की पाच-सहा मेंढ्या घ्याव्यात, घरच्या लोकरीचं सूत काढावं, माग टाकावा आणि घोंगडी विकावीत. तुम्ही विचारता, किती मेंढ्या घेतल्या म्हणजे हे जमेल?

मी माण तालुक्यातली. सासर-माहेर दोन्ही सणगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, खळ म्हणजे सुताला द्यायची कांजी, धोटा म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, हे शब्द पाळण्यातच कानावर पडलेले. मेंढरं मात्र आमच्याकडे नव्हती, लोकर धनगरांकडून यायची. पंचवीस वर्षांपूर्वी, लोकर घरची हवी या तुमच्यासारख्याच हौसेनं आम्ही सात मेंढ्या आणल्या. आज बावीस आहेत, आणि लोकर अजूनही बाहेरूनच घेतो. ते का, ते हिशेबानंच सांगते.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. आमच्याकडे एका कातरणीला एका मेंढीची लोकर अर्ध्या किलोच्या आतच भरते. बऱ्या अंगाची मेंढी चारशे ग्रॅम देते, कोकरू पाजणारी अडीचशे-तीनशेवर थांबते. आपण चारशे धरू. सहा मेंढ्या, दोन कातरण्या, झाले ४ किलो ८०० ग्रॅम. त्यातून काडीकचरा, चिकटलेल्या लेंड्या, गुठळ्या आणि आखूड तुकडे काढून लोकर पिंजली की तिसरा हिस्सा गेलेला असतो. उरली ३ किलो २००. अंगावर घ्यायचं नेहमीचं घोंगडं अडीच ते तीन किलोचं. म्हणजे सहा मेंढ्यांमागे वर्षाला एक घोंगडं. तेही सगळ्या मेंढ्या धड राहिल्या तर.

इथं नाउमेद होऊ नका, कारण लोकर ही तुमची अडचण नाहीच. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाच्या आधी माघारी येतात. लोकरीला आता असा भाव आहे की कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, म्हणून कित्येक जण लोकर कातरल्या जागीच टाकून देतात. तुमच्या रिकाम्या शेतात दोन रात्री मेंढरं बसवायला बोलवा. त्याचे ठरतील ते पैसे किंवा धान्य द्या, चहा-भाकरीला कमी करू नका आणि लोकरीचं बोलून ठेवा. पुढच्या खेपेला पोतंभर लोकर दारात येईल, वर शेताला खत मिळालेलं असेल ते वेगळंच.

अडतं ते सुतापाशी. माझा हात चाळीस वर्षांचा आहे. दिवसभर चरख्याला बसले तर पाव किलो सूत निघतं. पण जनावरांच्या घरात दिवसभर बसायला कोणाला मिळतं? सकाळी धार, शेण, चारा, पाणी. संध्याकाळी पुन्हा तेच. मधे सलग वेळ मिळतो तो दुपारी, जेवणं उरकल्यापासून गाईला पाणी दाखवेपर्यंत. दोन तास, फार तर अडीच. त्यात माझं पन्नास-साठ ग्रॅम होतं. एका घोंगड्याच्या सुताला अशा पन्नास-साठ दुपारी लागतात, पिंजणं वेगळंच. नव्या हाताला याच्या दुप्पट धरा. सूत सारखं न येता कुठं दोरखंड, कुठं कोळ्याचं जाळं असं येईल ते आणखी निराळं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. मेंढ्या किती हे मागाहून पाहू. तुमच्याकडे दुपारी किती आहेत, आणि त्या कुठल्या महिन्यांत आहेत?

आता काही गोष्टी मला इथं बसून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या तुम्हीच बघायच्या. गावाला गायरान उरलंय का, आणि तिथं तुम्हाला चारू देतील का? घरातलं एक माणूस रोज पाच-सहा तास मेंढरांमागे चालायला मोकळं आहे का? आमच्या माळावर लांडगा आहे, उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो. तुमच्याकडे काय फिरतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि रात्रीचा निवारा त्या मानानं बांधा. नुसती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, दहा माणसं आणि चार कुत्री असलेल्या वाड्याला पुरते. एकट्या घराला वरूनही बंद असलेला गोठाच हवा. चरायला सोडणं जमणारच नसेल तर एका मेंढीला रोज तीनेक किलो हिरवा आणि अर्धा किलो तरी वाळला चारा दावणीत पडायला हवा. फेब्रुवारीनंतर विहीर आटली की हा हिरवा कुठून आणणार? बांधाला शेवरी लावा, कडबा आताच रचून ठेवा, बाभळीच्या शेंगा पोत्यात भरून ठेवा. उन्हाळ्यात मेंढीला त्या शेंगांसारखं दुसरं काही नाही.

हे सगळं जमत असेल तर मेंढ्या जरूर पाळा, पण कोकरांसाठी आणि लेंडीखतासाठी. घर त्या दोन गोष्टींवर चालतं, लोकर वरकड. आणि हे एकदा मनाशी ठरलं की जात निवडणं सोपं होतं. जतकडची माडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, कोकरू झपाट्यानं वाढतं. म्हणून आमच्या भागात खूप जणांनी दख्खनी मोडून माडग्याळ केली. पण तिच्या अंगाला लोकर नावापुरतीच. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचं रक्त दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, ती बऱ्याचदा जुळी देते. जुळी म्हणजे दुप्पट दूध लागणार, म्हणजे आईला खुराक लागणार. ज्याच्याकडे चारा आहे त्यानं ती घ्यावी, नवख्यानं पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नये. तुम्हाला चरखाही चालवायचाय, तर साधी काळी दख्खनीच घ्या. लोणंदच्या बाजारात मिळते. सरकारी शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं, म्हणजे मेंढ्या पाळायची केंद्रं, दहिवडी, महूद, रांजणी इथं आहेत, तिथं एकदा नुसतं बघायला म्हणून जाऊन या. पैसे खिशातच ठेवा. पहिल्या फेरीत घेतलेलं जनावर हे नेहमी विकणाऱ्याच्या सोयीचं असतं.

चार घ्या. एकटी मेंढी झुरत राहते, दोघी भेदरलेल्या राहतात, चौघी झाल्या की कळप होतो. चारदाती, म्हणजे चार पक्के दात आलेल्या, एक वेत झालेल्या. नर पाळू नका. चार मेंढ्यांना वर्षभर नर पोसणं परवडत नाही, आणि पुढे त्याच्याच पोरींना तो लागतो. आषाढात कुणाचा तरी चांगला नर महिनाभर मागून आणा, पाच महिन्यांनी, मार्गशीर्षाच्या आसपास, कोकरं पडतील. तेव्हा कडबा ताजा असतो आणि शेतातली घाई ओसरलेली असते.

आता आमची चूक सांगते, तुमचं नुकसान तरी वाचेल. पहिल्या वर्षी पाऊस चांगला झाला. माळ हिरवागार, मेंढरं उन्हाळाभर वाळल्यावर जगलेली. आम्ही खुशीत दिवसभर कोवळ्या गवतावर सोडली. तिसऱ्या सकाळी दोन कोकरं मेलेली, आणि ती सर्वांत गुबगुबीत. आदल्या संध्याकाळी उड्या मारत होती. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं आणि सांगितलं, आंत्रविषार. अचानक भरपूर कोवळा चारा मिळाला की आतड्यातले जंतू माजतात आणि त्यांचं विष चढतं. जे कोकरू जास्त खातं तेच आधी जातं. याची लस पावसाच्या आधी, मे महिन्यातच टोचायची. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यायची, हे विसरलात तर पहिलीचा उपयोग अर्धाच. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडीसारखी साथ, तिच्या आणि देवीच्या लशीचं दवाखान्यात विचारून घ्या. जंताचं औषध पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा. बाजारातून आणलेली मेंढी तीन आठवडे वेगळी बांधा, मग कळपात घाला. आणखी एक गोष्ट खूप जणांना ठाऊक नसते. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यात तांबं असतं, ते गाईला पचतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि मेंढी एके दिवशी पटकन जाते. मेंढीचं मिश्रण वेगळं मागा.

आता लोकर. चांगली लोकर कातरणीच्या दिवशी मिळत नाही, ती सहा महिने सांभाळावी लागते.

आमच्याकडे एक कातरणी होळीच्या आसपास आणि दुसरी भादव्यात, पाऊस उघडीप देतो तेव्हा. भादव्यातली मी कधी चुकवत नाही, कारण आश्विन-कार्तिकात माळावर कुसळी पिकते. तेव्हा अंगावर लांब लोकर असेल तर कुसळं आत शिरतात, पार कातडीपर्यंत जातात. मेंढी बेजार होते आणि त्या लोकरीचं सूत काढताना बोटं रक्तबंबाळ होतात. अंग कातरलेलं असेल तर कुसळ झटकून जातं. कातरायच्या आधी दोन दिवस, ऊन बघून, मेंढ्या ओढ्यात नाहीतर हौदाशी धुवायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. कातरताना एकाच जागी दोनदा कात्री मारू नका. दुसऱ्या कात्रीला जो आखूड भुगा निघतो तो सुतात मिसळला की घोंगडं वर्षभर झडत राहतं. हे काम शिकेपर्यंत एखाद्या धनगराला बोलवा. एक मेंढी तो पाच-दहा मिनिटांत मोकळी करतो, तुम्हाला अर्धा तास लागेल आणि मेंढीला चार जखमा होतील.

गोठ्यात दोन गोष्टी बघा. कडबा मेंढीच्या डोक्यावरून टाकू नका, गव्हाण खाली ठेवा. नाहीतर सगळा भुसा मानेवरच्या लोकरीत जातो, आणि मान-खांद्याचीच लोकर तर सगळ्यांत चांगली. आणि कोंबड्या. दिवसा त्या मेंढरांत फिरू देत, गोचीड टिपतात. पण रात्री मेंढ्यांच्या वरच्या वाशावर बसायची सवय लावू नका. पाठीवर पडलेली कोंबड्यांची शीट लोकरीतून जाता जात नाही. मी दोन वर्षं रिठ्याच्या पाण्यानं धुवून बघितली आहे. लोकर वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून सुती पोत्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या गोणीत ओल धरते आणि मग कसर लागते.

आता दुपारींचं. जेष्ठ-आषाढात पेरणी, खुरपणी; चरख्याचं नावही काढू नका. श्रावण-भादव्यात पाऊस लागून राहतो, माणसं घरात असतात, तेव्हा सूत काढायचं. हवेत ओल असली की लोकर उडत नाही, धागा बरा चालतो. दिवाळीपर्यंत सुगी. मार्गशीर्षात कोकरं पडतात, त्या पंधरवड्यात रात्रीची झोपही तुमची नसते, दुपारी ती भरून काढायची. पौषापासून चैत्रापर्यंत हवा कोरडी, शेतात काम कमी, तेव्हा माग. विणकाम पावसाळ्यात का नाही? कारण ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून ती खळ करायची, अंगणात लांबच्या लांब ताणलेल्या सुतावर कुंच्यानं मारायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. मधेच सर आली की सगळा ताणा चिकटून बसतो. आमचा एकदा बसला होता. सोडवायला चार दिवस लागले आणि घरात तेवढे दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

तुमच्या घरची कामं, मुलांची शाळा, आजारपण, लग्नंकार्यं धरून वर्षाला सत्तर-ऐंशी दुपारी निघतील असं मला वाटतं. तेवढ्यात नव्या हातानं एका घोंगड्याचंही सूत पुरं होणार नाही.

म्हणून माग टाकू नका, निदान इतक्यात तरी नको. आमचा माग खड्ड्याचा, जमिनीत पाय सोडून बसायचा. त्याला जागा लागते, खळ मारायला तीन माणसं लागतात, आणि हात बसायला दोन वर्षं. तुम्ही दोघंच. सूत काढा आणि एखाद्या सणगराला मजुरीनं विणायला द्या. म्हसवड, आटपाडी, सांगोला या बाजूला अजून माग चालू आहेत. त्याच्यासमोर सुताचा गुंडा ठेवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. नुसतं बोटांत धरून तो सांगेल, कुठं पीळ कमी आहे, कुठं जास्त. ताण्याला पीळ घट्ट हवा, बाण्याला सैल चालतो. तुमचं पहिल्या वर्षाचं सूत बाण्याला जाईल आणि ताणा तो स्वतःचा घालेल. यात कमीपणा मानू नका, आम्हा सगळ्यांचं पहिलं सूत बाण्यातच गेलंय.

विकायचं म्हणाल तर घोंगड्यापासून सुरुवात करू नका. पूजेला किंवा जेवायला बसायचं दोन हात चौरस आसन विणायला चारशे ग्रॅम सूत पुरतं. आठ-दहा दुपारी सूत काढलं की ते होतं, नव्या हाताला पंधरा-वीस. जाडजूड, ओबडधोबड सूत आसनात शोभून दिसतं, घोंगड्यात टोचतं. सूत न काढताच करायचं असेल तर बुरणूस आहे, म्हणजे पिंजलेली लोकर थरावर थर पसरून, गरम साबणपाणी मारून, चटईत गुंडाळून तुडवून केलेला नमदा. पायपुसणं, बैठक, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर घालायला. आखूड लोकर, जी सुताला चालत नाही, ती यात खपते. त्याला दोन माणसांचे पाय लागतात, ते तुमच्याकडे आहेत. किंमत लावताना दुपारी मोजा, तुमच्या गावातल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीनं गुणा आणि मग बघा विकायला मन धजतंय का. शहरातला माणूस त्या किमतीला थबकला तर थबकू द्या.

रंगाच्या नादी लागू नका. काळी, पांढरी, भुरी एवढे रंग मेंढीनंच दिलेत. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस होतात, तीही पिंजताना मिसळली की सुंदर दिसतात. गिऱ्हाईक ‘जावळाचं घोंगडं’ मागेल. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, ती मऊ असते, टोचत नाही. पण एका कोकराची ती ओंजळभर, आणि जन्मात एकदाच. चार मेंढ्यांच्या कोकरांच्या जावळात हातरुमालाएवढं काही होईल. ती दर वर्षी वेगळी बांधून ठेवा. घरात कुणाला मूल झालं तर त्याच्यासाठी म्हणून पाच-सात वर्षांत छोटं घोंगडं नक्की होतं. स्वस्तात ‘अस्सल जावळाचं’ कुणी विकत असेल तर त्याला त्याच्याकडे किती कोकरं होती ते विचारा.

राहिला तुमचा चरखा. तो कापसाच्या सुताचा आहे की लोकरीचा हे आधी बघा. लोकरीच्या चरख्याचं चाक मोठं असतं आणि चाती, म्हणजे ज्यावर सूत गुंडाळतं ती लोखंडी सळई, कापसाच्या चरख्याच्या चातीपेक्षा लांब आणि जाड असते. चाती काढून सपाट फरशीवर लोटून द्या. सरळ घरंगळली तर ठीक, थरथरत गेली तर वाकलेली आहे. तशीच वापरलीत तर सूत दर फेऱ्याला तुटेल आणि तुम्हाला वाटेल हात चुकतोय. गावात लोहार असेल तर तो दहा मिनिटांत सरळ करून देईल. चाकावरची माळ, म्हणजे दोरी, नवी सुती घाला, नायलॉनची घसरते. लाकडाला उधई नाही ना तेही बघा. यंदा पाऊस उघडला की कुणाकडून तरी किलोभर भादव्याची लोकर मिळवा, मेंढ्यांचं पुढच्या वर्षी बघू. ती किलोभर संपायला किती दुपारी लागल्या ते भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवा आणि मला कळवा. मग मेंढ्या किती, ते सांगते.